अंधार राखून मारलेला फ्लॅश

धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, उभा असलेला शेतकरी, मागे तुरीचं वावर, त्याच्या मागे सातपुड्याची रांग आणि वर अजून जांभळट उजेड धरून असलेलं आभाळ. हे सगळं डोळ्यांना दिसतं म्हणून तर आपण कॅमेरा बाहेर काढतो. ऑटोवरचा कॅमेरा स्वतःच फ्लॅश उघडतो, लख्ख होतं, आणि पडद्यावर येतो तो चुना फासल्यासारखा चेहरा व त्यामागे काळं फडकं. तूर गेली, डोंगर गेला, आभाळ गेलं. हा फोटो अचलपूरच्या शिवारात काढला की एखाद्या बंद खोलीत, हे आता कुणालाही सांगता येणार नाही.

बरेच हौशी लोक इथूनच फ्लॅशवर कायमची फुली मारतात. मला हे दुःखाचं वाटतं, कारण दोष फ्लॅशचा नसतो. हात हलून फोटो बिघडू नये म्हणून कॅमेऱ्याने शटर १/६० सेकंदावर नेऊन ठेवलेलं असतं. सूर्य बुडून वीस मिनिटं झाल्यावर तेवढ्या वेळात आभाळाचा उजेड सेन्सरवर साठतच नाही. रात्र काळी आली ती शटरमुळे. फ्लॅशने फक्त समोरचा माणूस उजळला.

रात्रीच्या फ्लॅश फोटोत एकाच चौकटीत दोन फोटो असतात, हे एकदा नीट समजून घ्यावं. एक फोटो आभाळाचा, दिव्यांचा, शेकोटीचा. तो शटर उघडं असेपर्यंत सावकाश भरत राहतो. दुसरा फ्लॅशचा; तो पूर्ण ताकदीवरही सेकंदाच्या काही हजारांश भागात संपतो, कमी ताकदीवर तर त्याहूनही फार लवकर. शटर १/१५ ठेवा की दोन सेकंद, फ्लॅशने दिलेला उजेड तेवढाच राहतो. म्हणजे शटर हे रात्रीचं वावर आणि फ्लॅशची पॉवर हे दुसरं वावर. ॲपर्चर (लेन्सचं भोक, त्याचं माप एफ क्रमांकात) आणि आयएसओ (सेन्सरची उजेड टिपण्याची तीव्रता) हा दोघांमधला सामायिक धुरा. तो हलवला की दोन्हीकडची जमीन बदलते. म्हणून तो आधी पक्का करायचा आणि मग हात लावायचा नाही.

प्रत्यक्षात क्रम असा ठेवावा. कॅमेरा मॅन्युअलवर, फ्लॅश बंद. सूर्यास्तानंतर वीसेक मिनिटांनी पश्चिमेच्या आभाळासाठी आयएसओ ८००, एफ/४ आणि १/८ सेकंद इथून सुरुवात करावी. कॅमेरा तिपाईवर, लेन्सचं स्टॅबिलायझेशन बंद. आभाळ डोळ्यांना दिसतं त्याहून साधारण एक स्टॉप, म्हणजे निम्म्या उजेडाइतकं, गडद यायला हवं, नाहीतर संध्याकाळ दुपारसारखी दिसते. हे जमलं की मग फ्लॅश सुरू करायचा. माणूस दोन मीटरवर असेल आणि फ्लॅशपुढे पांढरा दुपट्टा दुहेरी करून धरला असेल, तर १/३२ पॉवर पुरते. चेहरा जास्त उजळला तर १/६४, कमी पडला तर १/१६. शटरला स्पर्श नाही.

आपल्या अक्षांशावर सूर्य बऱ्यापैकी सरळ बुडतो, त्यामुळे संधिप्रकाश झपाट्याने ओसरतो. या वेळी दर तीन-चार मिनिटांनी जवळपास एक स्टॉप उजेड कमी होतो. १/८ चं १/४ करायचं, मग अर्धा सेकंद, मग एक सेकंद. फ्लॅश मात्र तसाच राहतो. माणूस दोन मीटरवरच आहे, दुपट्टा तोच आहे, मग त्याच्या चेहऱ्यावरचा उजेड बदलायचं कारण काय? पंधरा मिनिटांत एकाच माणसाचे पाच-सहा फोटो निघतात. प्रत्येकात चेहरा तोच आणि आभाळ केशरीकडून निळ्याकडे, निळ्याकडून काळ्याकडे सरकलेलं. फ्लॅश शिकायचा असेल तर पुस्तकी तक्त्यांपेक्षा ही पंधरा मिनिटं जास्त कामाची.

शटर लांबलं की भूतछाया येतात. फ्लॅशने चेहरा गोठतो, पण उरलेल्या अर्ध्या सेकंदात माणूस हलला तर चेहऱ्याच्या कडेतून मागचं आभाळ झिरपतं आणि कानाजवळ पारदर्शक पट्टा उमटतो. ‘भाऊ, लख्ख झाल्यावरबी एक क्षण तसेच उभे राहा’ एवढं आधी सांगितलं तर निम्मे फोटो वाचतात, कारण फ्लॅश पडला की फोटो झाला असंच लोक धरून चालतात आणि लगेच हलतात. चालत्या बैलबंडीसाठी किंवा डोक्यावर भारा घेऊन जाणाऱ्या बाईसाठी रिअर कर्टन सिंक वापरावं. त्यात फ्लॅश शटर मिटण्याच्या क्षणी पडतो, त्यामुळे हालचालीची रेघ पाठीमागे राहते. नेहमीच्या सेटिंगमध्ये रेघ पुढे येते आणि बंडी उलटी चालल्यासारखी दिसते. बैल जुंपलेले असताना समोरून फ्लॅश मारू नये. बिचकलेली जोडी आवरणं सोपं नसतं. आडव्या बाजूने, दहा-बारा मीटरवरून, आणि बंडीवाल्याला आधी सांगून.

टीटीएल म्हणजे फ्लॅशची आपोआप मोजणी. ती रात्री का फसते? कॅमेरा चौकटीची सरासरी मध्यम करड्या रंगाकडे नेऊ पाहतो. चौकटीचा तीन-चतुर्थांश भाग काळोख असेल तर त्याला वाटतं उजेड कमी आहे, आणि सगळी ताकद एका चेहऱ्यावर ओतली जाते. फ्लॅश कॉम्पेन्सेशन उणे एक ते उणे पावणेदोन केलं की चेहरा माणसात येतो. उलट पांढरं धोतर, पांढरा सदरा, पांढरी टोपी चौकटभर असेल तर चेहरा काळवंडतो. तिथे अधिक करावं लागतं. मला विचाराल तर माणूस एका जागी उभा असताना टीटीएलच्या वाटेलाच जाऊ नये.

फ्लॅश किती दूर पोचतो याचा हिशेब गाइड नंबर सांगतो. गाइड नंबर भागिले एफ क्रमांक, की आयएसओ १०० ला मीटरमध्ये पल्ला मिळतो. आयएसओ चौपट केला की पल्ला दुप्पट. खोक्यावर छापलेला ६० हा आकडा बहुधा फ्लॅशचं डोकं २०० मिलिमीटरवर झूम केल्यावरचा असतो. ३५ मिलिमीटरवर तोच फ्लॅश ३६ च्या आसपास उतरतो. एफ/२.८ आणि आयएसओ १६०० ला त्याचा पल्ला झाला जेमतेम ५० मीटर. लोणारचं विवर काठापासून काठापर्यंत सुमारे १.८ किलोमीटर आहे. तरी अंधार पडल्यावर काठावरून सरोवराच्या दिशेने लुकलुकणारे फ्लॅश दिसतात. त्या उजेडाने फक्त समोरच्या हवेतली धूळ आणि काठावरचं झुडूप उजळतं. तिथे फ्लॅश बंद, तिपाई, पौर्णिमेच्या आसपासचं चांदणं आणि एफ/४, आयएसओ ८००, ८ ते १५ सेकंद. सगळं विवर, त्यातलं पाणी, पलीकडची कडा उमटते. विवराच्या आत अभयारण्य आहे, म्हणून हे वरच्या काठावरूनच.

धुळीचा प्रश्न विदर्भात फार मोठा आहे. कापूस वेचणी, सोयाबीनची मळणी, कच्च्या रस्त्यावरून गेलेला ट्रॅक्टर; दिवाळीनंतर हवेत काही ना काही तरंगतच असतं. फोटोत ते पांढऱ्या गोल ठिपक्यांसारखं येतं आणि लोक त्याला काहीही नावं देतात. गणित साधं आहे. उजेड अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात घटतो. माणूस तीन मीटरवर आणि धुळीचा कण तीस सेंटिमीटरवर असेल, तर कणावर शंभरपट उजेड पडतो. वर तो फोकसबाहेर असल्याने फुगून गोल होतो. उपाय असा, की फ्लॅश लेन्सजवळ नकोच. रेडिओ ट्रिगर (बिनतारी फ्लॅश पेटवणारं यंत्र) लावून फ्लॅश हातभर लांब, शक्य असेल तर दोन मीटर बाजूला न्यायचा, म्हणजे लेन्ससमोरची हवा अंधारात राहते आणि उजेडाचा झोत विषयापाशीच चौकटीत शिरतो. पावसाळ्यातले किडे आणि पहाटेचं धुकं यांनाही हाच नियम. पाऊसच दाखवायचा असेल तर मात्र फ्लॅश थेंबांच्या मागे, कॅमेऱ्याच्या दिशेने ठेवावा, १/१६ किंवा त्याहून कमी पॉवरवर. थेंब काचेसारखे चमकतात.

घरात शिरलं की ‘छतावरून उजेड उसळवा’ हा शहरी सल्ला निरुपयोगी ठरतो. वर कवेलू असतात, नाहीतर काळपट टिन. कवेलू उजेड गिळतात, टिन तो वेडावाकडा फेकतं. भिंतीवरून उसळवावा, तर कित्येक घरांच्या भिंती निळसर नाहीतर हिरवट चुन्याने रंगवलेल्या असतात आणि तोच रंग चेहऱ्यावर येतो. निळ्या भिंतीवरून उसळलेल्या उजेडात म्हातारी आजारी दिसते. तिथे खाटेवर पांढरी चादर उभी टाकून किंवा थर्माकोलचा तुकडा धरून त्यावर फ्लॅश मारावा. अर्धा मीटर रुंदीचा तुकडा चेहऱ्यापासून मीटरभर अंतरावर असला की उजेड खिडकीतून आल्यासारखा मऊ होतो.

रंगाचं दुखणं शेकोटीशी अधिक जाणवतं. उजेडाचा रंग केल्विनमध्ये मोजतात; आकडा कमी तितका उजेड तांबूस. फ्लॅशचा उजेड सुमारे ५५०० केल्विन, म्हणजे भर दुपारचा. शेकोटी २००० च्या आसपास. दोन्ही एका चेहऱ्यावर पडले की अर्धा गाल निळसर आणि अर्धा भगवा. फ्लॅशवर नारिंगी सीटीओ जिलेटिन (रंगीत पारदर्शक पापुद्रा) लावून व्हाइट बॅलन्स, म्हणजे कॅमेऱ्यातला रंगांचा तोल, ३२०० ला बांधला तर आगीचा उजेड आणि फ्लॅश एकमेकांत मिसळतात, आणि मागचं आभाळ आपोआप गडद निळं होतं. जिलेटिन थोडा उजेड खातं, साधारण अर्धा ते एक स्टॉप. तेवढी पॉवर वाढवायची. हुरड्याच्या शेकोटीभोवती बसलेल्या माणसांसाठी आयएसओ १६००, एफ/२.८, १/१५ आणि फ्लॅश अगदी खालच्या पातळीवर, आगीच्या बाजूकडूनच येणारा. वरून आलेला फ्लॅश आगीला खोटं पाडतो. गावातल्या जुन्या सोडियम दिव्यांचा पिवळा मात्र दुरुस्त होत नाही. त्या उजेडात निळा-हिरवा जवळपास नसतोच, मग तो कुठून आणायचा? तसा फोटो कृष्णधवल करावा हे उत्तम.

आता दगडाकडे. विदर्भात हेमाडपंती देवळं गावोगाव आहेत आणि रात्रीच्या उजेडासाठी याहून चांगला विषय मला माहीत नाही. पुरातत्त्व खात्याची संरक्षित देवळं, लोणारचं दैत्यसूदन किंवा वैनगंगेकाठचं मार्कंडा, इथे खात्याची वेळ पाळावी आणि तिपाईसाठी परवानगी घ्यावी. पण गावातलं पूजेतलं लहान देऊळ पुजाऱ्याला विचारून रात्री टिपता येतं. समोरून मारलेल्या फ्लॅशमध्ये कोरीव काम सपाट होतं, कारण सावल्या लेन्सला दिसत नाहीत अशा जागी, मूर्तींच्या पाठीमागे पडतात. फ्लॅश भिंतीला जवळजवळ चिकटवून, पंधरा-वीस अंशांच्या कोनात घासत न्यावा. मग झिजलेली पाकळी आणि बोटभर खोलीची नक्षी उठून येते. काळा पाषाण उजेड पितो. माणसाच्या चेहऱ्याला लागतो त्यापेक्षा निदान एक स्टॉप जास्त द्यावा लागतो. तेल-शेंदराने चकचकीत झालेल्या मूर्तीवर पांढरा डाग पडतो, कारण उजेड ज्या कोनात आला त्याच कोनात परततो. फ्लॅश बाजूला सरकवला की डाग चौकटीबाहेर जातो.

पूर्ण देऊळ एका फ्लॅशने उजळत नाही, आणि उजळायची गरजही नाही. कॅमेरा तिपाईवर, आयएसओ ४००, एफ/८, शटर ३० सेकंद किंवा ‘बल्ब’ (बटण दाबलेलं असेपर्यंत शटर उघडं ठेवणारं सेटिंग). तेवढ्या वेळात गडद कपडे घालून देवळाभोवती फिरायचं आणि फ्लॅशचं टेस्ट बटण दाबत एकेक कोपरा उजळायचा: दोनदा खांबांवर, एकदा दाराच्या आतून, चारदा शिखरावर. एकाच जागी मारलेल्या दोन फ्लॅशने एक स्टॉप वाढतो, चारने दोन, आठने तीन. म्हणून पाचवा-सहावा फ्लॅश फारसा फरक पाडत नाही, तेव्हा जवळ जाणंच बरं. आपण स्वतः फोटोत का येत नाही? आपल्या अंगावर उजेड पडत नाही म्हणून. फ्लॅश आणि कॅमेरा यांच्या मधे उभं राहिलात तर काळी आकृती नक्की उमटते. गाभाऱ्यात वटवाघळं असतील तर फ्लॅश आत नेऊ नये.

जिथे फ्लॅश अजिबात नको अशी जागा म्हणजे झाडीपट्टीची रंगभूमी. धान निघालं की गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदियात मंडईच्या, म्हणजे गावजत्रेच्या, निमित्ताने रात्रभर नाटकं होतात. गडचिरोली जिल्ह्यातलं वडसा हे त्याचं मुख्य ठाणं. दिव्यांच्या रंगात उभ्या असलेल्या नटावर समोरून पांढरा फ्लॅश मारणं म्हणजे त्याची प्रकाशयोजना पुसून टाकणं, आणि संवादाच्या मधोमध त्याचे डोळे दिपवणं. आयएसओ ३२००, एफ/२.८, १/१०० पुरेसं असतं. १/१०० च का? आपली वीज ५० हर्ट्‌झची, त्यामुळे साधे एलईडी सेकंदाला शंभरदा मिणमिणतात. १/१०० किंवा १/५० ला एक पूर्ण लहर शटरमध्ये बसते. १/२५० ला, विशेषतः आवाज न करणाऱ्या इलेक्ट्रॉनिक शटरवर, चौकटीत आडवे काळे पट्टे येतात. नटांपेक्षा प्रेक्षकांकडे वळावं असं मला नेहमी वाटतं: मंचाचा लाल-निळा उजेड चेहऱ्यांवर घेऊन, घोंगडीत गुरफटून पहाटेपर्यंत बसलेली माणसं.

ताऱ्यांचा विषय निघाला की पेंचचं नाव घ्यावंच लागतं. जानेवारी २०२४ मध्ये महाराष्ट्रातल्या पेंच व्याघ्र प्रकल्पाला भारतातलं पहिलं डार्क स्काय पार्क म्हणून मान्यता मिळाली. वाघोली, सिल्लारी, पिपरिया, खापा या गावांत रस्त्यांचे दिवे खाली तोंड करणारे बसवले गेले. उजेड जमिनीवर हवा, आभाळाला नको, हे तिथे गावांनी करून दाखवलंय. पण फोटोग्राफरने नकाशाही पाहावा. आकाशगंगेचा केंद्रभाग, वृश्चिक आणि धनु यांच्या मधला, आपल्याकडे दक्षिणेला सुमारे ४० अंश उंचीपर्यंत चढतो. पेंचच्या दक्षिणेला कोराडी आणि नागपूर. क्षितिजालगतची ती भगवी झळाळी चुकवायला केंद्रभाग पुरता वर येईपर्यंत थांबायचं. एप्रिलच्या मध्यात तो रात्री अकराच्या सुमारास उगवतो आणि चारच्या पुढे माथ्यावर येतो. मे महिन्यात दोन तास आधी. जून ते सप्टेंबर ढग. ऑक्टोबरात तो संध्याकाळीच पश्चिमेकडे कलतो आणि नऊच्या सुमारास मावळतो. दुसरीकडे कुठेही जागा निवडताना मोठं गाव आपल्या उत्तरेला राहील असं उभं राहावं.

चंद्राचा हिशेब तिथीवर होतो. अमावस्येच्या चार-पाच दिवस अलीकडे-पलीकडे उत्तम. संकष्टीचा चंद्रोदय कॅलेंडरवर छापलेलाच असतो, साधारण साडेआठ ते दहा. सूर्यास्तानंतर सव्वा तासाने खरा काळोख होतो, म्हणजे हिवाळ्यात त्या दिवशीही दीड-दोन तास हाती लागतात. १८ मिलिमीटरच्या किट लेन्सवर, दीडपट क्रॉपच्या कॅमेऱ्यात, तारे रेघ होऊ नयेत म्हणून वापरतात त्या पाचशेच्या नियमाने (पाचशे भागिले लेन्सचे मिलिमीटर गुणिले क्रॉप) १८ सेकंद येतात. पण पडद्यावर मोठं करून पाहिलं तर तारे लांबट दिसतात, म्हणून १२ ते १३ सेकंद बरे. फोकस व्याधावर किंवा गुरूवर, लाइव्ह व्ह्यू दहापट मोठा करून, आणि रिंगवर चिकटपट्टी.

इथे फ्लॅशचा उपयोग फार नाजूक होतो. आयएसओ ३२००, एफ/२.८ ला १/१२८ पॉवरचा उघडा फ्लॅशही सहा मीटरवरचं मोहाचं झाड पुरतं उजळून टाकतो. बहुतेक फ्लॅश याच्या खाली उतरत नाहीत. म्हणून दुपट्ट्याच्या चार घड्या, वर जिलेटिन, आणि फ्लॅश झाडापासून बाजूला पंधरा मीटर. झाड आहे एवढंच कळावं. पानं मोजता येऊ लागली की तारे हरले.

उन्हाळ्यात आणखी एक गोष्ट फोटो बिघडवते. सेन्सर जितका गरम तितका त्यात नुसत्या उष्णतेने उठणारा विद्युत्प्रवाह जास्त, आणि तो दर सहा-सात अंशांना सुमारे दुप्पट होतो. जानेवारीतल्या दहा-बारा अंशांच्या रात्रीपेक्षा मे महिन्यातल्या तिशीपुढच्या रात्री तो सातआठपट होतो. लाल-निळे ठिपके येतात ते यामुळे. चंद्रपूरकडे मे महिन्यात चार मिनिटांचं एक एक्स्पोजर घेण्याऐवजी पंधरा सेकंदांचे सोळा फोटो घेऊन संगणकावर रचावेत. सोळा फोटोंच्या सरासरीने विस्कळीत कण चौपट कमी होतात. ठाण मांडून बसलेल्या ठिपक्यांसाठी लेन्सला झाकण लावून तेवढ्याच वेळाचे काही काळे फोटो घ्यावेत आणि ते वजा करावेत. हिवाळ्यात उलटा त्रास. मामा (माजी मालगुजारी) तलावांच्या पाळीवर डिसेंबरात तासाभरात लेन्सच्या काचेवर दव धरतं. पाच व्होल्टची गरम पट्टी पॉवर बँकेवर लावून लेन्सभोवती गुंडाळली की प्रश्न मिटतो. पुसत बसलात तर फोकस हलतो.

जंगलात फ्लॅश नको, हे सफारीचे नियमही सांगतात. १९२० च्या दशकात संयुक्त प्रांतातले वनाधिकारी एफ. डब्ल्यू. चॅम्पियन यांनी वाटेत तार बांधून, वाघाच्याच पायाने फ्लॅश पेटवून फोटो घेतले. आजच्या कॅमेरा ट्रॅपचा तो पूर्वज. वाघ-बिबट्याच्या गावशिवारात रात्री पायी फिरण्याला मात्र तेव्हाही अर्थ नव्हता, आजही नाही.

वावरात शिरण्यापूर्वी पोलीस पाटलांना किंवा त्या शेतकऱ्याला सांगावं. जागलीवरच्या माणसाला दुरून लुकलुकणारा उजेड म्हणजे चोर. ‘कोन हाय बे तिकडं?’ ही हाक रास्तच असते. त्याहून महत्त्वाचं, डुकरांसाठी काही ठिकाणी कुंपणात थेट करंट सोडलेला असतो आणि तो जीव घेतो. मालक सोबत नसेल तर तारेजवळही जाऊ नये. घोणस, मण्यार रात्रीच फिरतात. बूट घोट्याच्या वरचे हवेत. मृगाआधीच्या विजा टिपायच्या तर पक्क्या घराच्या आतून, एफ/८, आयएसओ १००, वीस सेकंद. उघड्या वावरात तिपाई घेऊन कधीही नाही.

आणि शेवटचा फ्लॅश मारल्यावर लगेच उठू नये. त्याने आपलेही डोळे दिपलेले असतात, आणि शिवारात कठडा नसलेल्या विहिरी असतात. टॉर्च जमिनीकडे धरून आधी तिपाई, ट्रिगर, जिलेटिन मोजून पिशवीत भरावं. मग टॉर्च विझवून, जिथे बसलोय तिथेच वीस मिनिटं बसावं. आधी आभाळाची कड वेगळी होते, मग पऱ्हाटीच्या ओळी, आणि सगळ्यात शेवटी धुरा दिसतो. तेव्हा टॉर्च पुन्हा लावायचा आणि निघायचं.